चारशे चौऱ्याऐंशीचं शिखर

३ फेब्रुवारी

प्रिय चिमटी,

अनेक आशीर्वाद. तू खुशाल असशील असं धरून चालते. नसलीस तरी मला कळवणार नाहीस, हेही धरून चालते.

ताई, हे पत्र आधी तुझ्याच हाती पडणार आणि चष्मा शोधून ते वाचल्याशिवाय तू लेकीला देणार नाहीस, हे मला ठाऊक आहे. लहानपणी माझी एक वही तू सोडली नाहीस, आता काय सोडणार. वाच, पण पाकीट पुन्हा नीट चिकटव. जिथे मी फार सोपं करून सांगेन तो भाग तुझा. चिमटीने तो ओलांडून पुढे जावं.

इकडे सगळं ठीक. मोडून जोडलेलं मनगट थंडीत ठणकतं, पण त्याचं आता मनावर घेत नाही. विभागप्रमुखाच्या खोलीत मला येऊन दोन वर्षं होत आली. खिडकी मोठी आहे, खुर्ची फिरते, आणि दिवसभर सह्या. तू कुंडीत लावलेलं ते काटेरी झाड अजून जिवंत आहे. पाणी घालायला मी विसरते, म्हणूनच असेल. तू अजून त्याच चष्म्याच्या दुकानात भिंगं तपासतेस, असं ताईकडून कळलं. भिंग तपासायला तुझ्याइतका बारीक डोळा त्यांना सात जन्मांत मिळाला नसता.

आता मुद्दा. गेल्या आठवड्यात प्रयोगशाळेत एक गंमत झाली.

ताई, तुझ्यासाठी: आमचा स्फटिक कांद्यासारखा असतो, पापुद्र्यांचा. चिकटपट्टी लावून ओढली की पापुद्रे सुटत जातात, आणि हात बरा असेल तर शेवटी एक किंवा दोनच उरतात. तुझ्या लेकीचा हात असा की तिला हवे तितकेच उरायचे. त्या पापुद्र्यांतले अणू जागच्या जागी थरथरत असतात. त्यांच्यावर लेसरचा हिरवा प्रकाश टाकला की परत येणाऱ्या प्रकाशाचा रंग त्या थरथरीने किंचित बदलतो. किती बदलला ते मशीन आलेखावर काढतं, आणि प्रत्येक तऱ्हेच्या थरथरीचं एक टोकदार शिखर उमटतं. शिखरं कुठे आहेत यावरून स्फटिक कसला, पापुद्रे किती, सगळं कळतं. आमचं जे नाव झालं ते चारशे चौऱ्याऐंशी या आकड्यावर आलेल्या एका शिखरामुळे. ते कुणालाच आधी दिसलं नव्हतं. दोन पापुद्रे असले की दिसायचं, एकच असला की नाही. म्हणजे दोन पापुद्रे मिळून एक नवीच थरथर करतात, असा मी निष्कर्ष काढला आणि छापला.

तर झालं असं, की वायरमन आला आणि मशीनच्या खोलीतल्या जुन्या ट्यूबलाइट काढून त्याने नवे दिवे लावले. दुसऱ्या दिवशी मी एक जुनाच नमुना चढवला. सगळी शिखरं जागच्या जागी, आणि चारशे चौऱ्याऐंशीवर सपाट मैदान. मी वायरमनला बोलावून घेतलं आणि काय करून ठेवलंत म्हणून विचारलं. बिचारा शिडी खांद्यावर घेऊनच आला. म्हणाला, "मॅडम, मशीनला मी बोटही लावलं नाही. फक्त दिवे बदलले. जुन्यांत पाऱ्याची वाफ असते, नव्यांत नसते, एवढाच फरक."

एवढाच फरक. मी स्टुलावर बसले. पाऱ्याच्या वाफेचा स्वतःचा एक हिरवा रंग असतो, आणि आमच्या हिरव्या लेसरपासून मोजला तर तो बरोबर चारशे चौऱ्याऐंशीवर पडतो. शिखर स्फटिकाचं नव्हतंच. डोक्यावरच्या ट्यूबलाइटचं होतं.

मग ते दोन पापुद्र्यांतच का दिसायचं, हे तुला सांगायला नको, पण ताईसाठी सांगते. दोन पापुद्र्यांचे नमुने आम्ही थंड डबीत ठेवून मापले. त्या डबीच्या नळ्यांमुळे मशीनचा काळा पडदा दोन बोटं उघडा राहायचा आणि माप तास-तासभर चालायचं. एकपदरी नमुना डबीत बसवताना फुटला, तेव्हा त्याचं आधीचं, पडदा पूर्ण लावून घेतलेलं मापच चालेल असं ठरलं. दिवा चोरपावलांनी आत यायचा तो फक्त दोन पापुद्र्यांच्या वेळी.

आपल्या हातून चूक झाली, चिमटी. दोघींच्या हातून. अशा चुका भल्याभल्यांच्या हातून होतात. योग्य वेळ पाहून मी ती दुरुस्त करीनच.

दुसरं म्हणजे, तू ज्या संस्थेत अर्ज केला आहेस तिथल्या प्रमुख बाईंचं मला पत्र आलं आहे. तुझ्याविषयी माझं मत मागितलं आहे. महिनाअखेरपर्यंत कळवायचं आहे. तू कष्टाळू, वेळेवर येणारी आणि मनमिळाऊ आहेस असं मी लिहीन. काळजी करू नकोस.

तुझी,
मावशी


१२ फेब्रुवारी

माननीय मॅडम,

नमस्कार. आपलं पत्र मिळालं. आई म्हणते तिने ते उघडलं नाही. पाकिटाला दोन तऱ्हेचा डिंक आहे.

मी मनमिळाऊ नाही, हे आपल्यालाही माहीत आहे. त्या बाईंनी आपल्याला माझ्या स्वभावाविषयी विचारलेलं नसणार. मुलाखतीत त्यांनी मला एकच गोष्ट विचारली, की मी पापुद्रे मोजले तर त्या मोजणीवर विश्वास ठेवता येईल का. हा प्रश्न त्यांना का पडला, तेही त्यांनी सांगितलं. दोन वर्षांपूर्वी मोठ्या सभागृहातल्या गुरुवारच्या बैठकीत आपण जे वाक्य बोललात ते त्यांच्यापर्यंत पोचलं आहे. मला ते पाठ आहे. "नमुने माझ्या भाचीने तयार केलेले आहेत, पापुद्रे मोजण्यात तिची गफलत झाली असणं शक्य आहे."

दुसऱ्या प्रयोगशाळेला ते शिखर सापडलं नाही म्हणून आपल्याला काहीतरी उत्तर द्यायचं होतं. मी तिसऱ्या रांगेत बसले होते.

चूक दोघींची नव्हती. दिवा बंद करून एकदा मापू या, असं मी आपल्याला तीन वेळा म्हटलं होतं. अंधारात काम करायचं नाही, ही पाटी दारावर आपल्या अक्षरात होती. म्हणून मी बैठकीच्या आदल्या दिवशी, आपण जेवायला गेलात तेव्हा, लेसर बदलून लाल लावला आणि माप घेतलं. तो आलेख पाकिटात घालून आपल्या टेबलाच्या डाव्या खणात ठेवला होता.

शिफारस नको. एवढंच कळवावं, की ते पाकीट आपण उघडलं होतं का, आणि कधी.

आपली,
माजी सहायक


११ मार्च

चिमटी,

मॅडम म्हणालीस. प्रयोगशाळेत तू मला मॅडम म्हणायचीस आणि दाराबाहेर पाऊल पडलं की मावशी, आणि ते बदलताना तुझी जीभ कधी अडखळली नाही याचं मला कौतुक वाटायचं. पत्रातलं मॅडम वाचून मात्र मी ते पत्र पालथं ठेवलं आणि दोन दिवस त्यावर फायली रचल्या.

उत्तराला महिना लावला, कारण उत्तर द्यायच्या आधी काही कामं करायची होती. ती झाली. आता सांगते, आणि या वेळी ताईसाठी वेगळं काही नाही. ताई, तूही हे सगळं वाच. तुझ्या धाकट्या बहिणीविषयी आहे.

हो, पाकीट मी उघडलं होतं. त्याच संध्याकाळी. म्हणजे बैठकीच्या आदल्या दिवशी.

तुझ्या आलेखात लाल लेसरखाली चारशे चौऱ्याऐंशीवर काही नव्हतं. शिखर स्फटिकाचं असतं तर लेसर कुठलाही लावला तरी ते त्याच आकड्यावर दिसायला हवं होतं. ते नाहीसं झालं म्हणजे ते बाहेरून आलं होतं. हे पहिल्या वर्षाच्या मुलांना मीच शिकवते. पण मला लगेच एक सबब सुचली, आणि वाईट म्हणजे चांगली सबब सुचली. काही थरथरी एका रंगाला उत्तर देतात आणि दुसऱ्याला देत नाहीत, हे खरंच आहे, पुस्तकात आहे. मी ते स्वतःला इतकं व्यवस्थित समजावलं की चहा गार व्हायच्या आत माझी खात्री पटली. तेव्हा विभागप्रमुखाची निवड पंधरा दिवसांवर होती. हे मी त्या वेळी मनातसुद्धा उच्चारलं नाही, पण ते तिथेच होतं.

एवढ्यावर थांबलं असतं तरी मी तुला तोंड दाखवलं असतं. पण त्याच आलेखाच्या अगदी डाव्या टोकाला, लेसरच्या स्वतःच्या रंगाजवळ, तू पेन्सिलीने एक बारीक गोल केला होतास. तिथे एक बुटकं, रेखीव शिखर होतं. दोन पापुद्रे एकमेकांवर मागे-पुढे सरकतात त्या थरथरीचं. एकटा पापुद्रा ती करूच शकत नाही, सरकायला सोबती लागतो. तीन असले तर आकडा बदलतो, मधे घाण अडकली असेल तर शिखर पसरतं किंवा उमटतच नाही. तुझं शिखर जिथे हवं तिथेच होतं, सुईसारखं. नमुना दोनच पापुद्र्यांचा आहे आणि ते एकमेकांना नीट बसले आहेत, याचा याहून चोख पुरावा नसतो.

तो मी पाहिला. आणि दुसऱ्या दिवशी उभं राहून ते वाक्य बोलले.

नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात ना, ते मी भर सभागृहात, माईकवर केलं. आणि अंगण तू होतीस. तू उठून गेलीस तेव्हा खुर्ची आपटली, तिचा आवाज मी ऐकला आणि पुढचं पान उलटलं. मला वाटलं होतं, घरचीच पोर आहे, चार दिवस रुसेल आणि मग ताईच्या स्वयंपाकघरात भेटू तेव्हा समजूत काढू. बाहेरच्या कुणावर ढकलायची माझी छाती झाली नसती. आपलं माणूस म्हणून तुझ्यावर ढकललं.

आणखी एक. दिवे गेल्या आठवड्यात बदलले असं मी लिहिलं होतं. ते ऑक्टोबरात बदलले. चार महिने मी झाकली मूठ करून बसले होते. मशीनच्या खोलीकडे जायचंच टाळत होते. त्या बाईंचं पत्र आलं नसतं तर अजून बसले असते. तुझ्याविषयी खोटं लिहिणं किंवा माझ्याविषयी खरं लिहिणं, दोनच वाटा उरल्या, तेव्हा तुला ते पहिलं पत्र लिहिलं. त्यातही तिसरी वाट शोधलीच, कष्टाळू आणि मनमिळाऊ. जित्याची खोड.

वायरमनची गोष्टही मी तुला हसत सांगितली. तो शिडी घेऊन आला तेव्हा त्याचा चेहरा पांढरा पडला होता. एवढ्या महागड्या मशीनचं आपल्या हातून काहीतरी झालं, अशी त्याची समजूत झाली होती, आणि तशी ती मीच करून दिली होती. तुझं पत्र आल्यावर मला तो चेहरा सारखा आठवायला लागला. मग मी त्याला शोधून काढलं. तो जिन्याखाली वायरची गुंडाळी सोडवत बसला होता. मी म्हटलं, "तुमच्यामुळे काही बिघडलं नाही. बिघडलेलं होतं ते तुमच्यामुळे कळलं." त्याने गुंडाळी खाली ठेवली. म्हणाला, "चार महिने मी त्या मजल्यावरचं काम दुसऱ्यावर ढकलतोय, मॅडम. तुमच्यासमोर यायला नको म्हणून." एक माणूस चार महिने, एक माणूस दोन वर्षं.

आता केलेलं सांगते.

पहिलं, दिवा बंद करून मापलं. दारावरची पाटी काढली, खोलीत काळोख केला, हातात छोटी विजेरी घेतली आणि भिंतीला धरून मशीनपर्यंत गेले. भर दुपारी, पण त्या खोलीला खिडकी नाही. ज्या स्टुलाला अडखळून पडले होते आणि मनगट मोडलं होतं ते स्टूल अजून तिथेच आहे. एवढ्या एका मोडलेल्या मनगटासाठी मी सगळ्यांना उजेडात काम करायला लावलं आणि त्याच उजेडाने मला फसवलं. तुझे सगळे अकरा नमुने एकेक करून चढवले. तुझ्या अक्षरातल्या चिठ्ठ्या डब्यांवर तशाच आहेत. अकराच्या अकरा दोन पापुद्र्यांचे निघाले. डाव्या टोकाचं शिखर प्रत्येकात. चारशे चौऱ्याऐंशीवर काही नाही. मग जुनी ट्यूब मागवून लावली, पडदा दोन बोटं उघडा ठेवला, आणि ते हजर झालं. नमुना काढून घेतला, नुसती रिकामी काच ठेवली. तरीही हजर. रिकाम्या काचेवर माझं नाव मोठं झालं होतं. मी एकटीच त्या खोलीत मोठ्याने हसले. नंतर रडलेही, पण आधी हसले.

मग संचालकसाहेबांकडे गेले. ते ऐकत राहिले, मधेच चहा सांगितला. शोधनिबंध मागे घ्यावा लागेल म्हणाले. मी म्हटलं, मागे घेण्याचं पत्र कालच पाठवलं. मग फार अवघडून ते विभागप्रमुखपदाविषयी बोलायला लागले. त्यांना एवढा त्रास कशाला, म्हणून मी पर्समधून राजीनामा काढून दिला. त्यांचा जीव भांड्यात पडला, आणि माझा त्यांच्याही आधी.

गेल्या गुरुवारी, त्याच सभागृहात, बैठकीच्या शेवटी मी पाच मिनिटं मागून घेतली. तुझा लाल लेसरचा आलेख मोठा करून पडद्यावर लावला. तुझा पेन्सिलीचा गोलसुद्धा तसाच ठेवला. म्हटलं, "हा आलेख माझ्या भाचीने दोन वर्षांपूर्वी मला दिला. मी तो त्याच दिवशी पाहिला होता. तिची मोजणी बरोबर होती, हे मला माहीत होतं, आणि दुसऱ्या दिवशी या जागेवरून मी त्याच्या उलट बोलले." तिसऱ्या रांगेत मधोमध एक खुर्ची रिकामी होती. तीच तुझी होती का, कोण जाणे, मी तिच्याकडेच बघून बोलले. नंतर दोघातिघांनी पाठ फिरवली. एक म्हातारे प्राध्यापक जवळ आले, माझ्या हातातलं सामान त्यांनी उचललं आणि जिन्यापर्यंत आणून दिलं.

त्या बाईंना काय लिहिलं त्याची नक्कल सोबत आहे. त्यात कष्टाळू नाही, वेळेवर नाही. तुझी मोजणी माझ्यापेक्षा खरी आहे आणि हे सिद्ध करणारा आलेख मी दोन वर्षं दडवला, एवढंच आहे. अकराही नमुन्यांची मापं जोडली आहेत. माझ्या लेखी तुझ्या नावावर कसलाच डाग कधी नव्हता. तो मी लावला होता, तो मीच पुसला. पुसलेला दिसतो का, ते तू सांगायचंस.

चिमटी, आता तुला एक खरं सांगते आणि तू रागावू नकोस. मला फार बरं वाटतंय. मोठी खिडकी गेली, फिरती खुर्ची गेली. मशीनशेजारच्या माझ्या जुन्या टेबलावर परत आले आहे, डाव्या खणाचं. लोक जिन्यात मला बघून आवाज खाली आणतात, त्यांची कीव येते. दोन वर्षं कुठल्याही संशोधकाचं पत्र आलं की मी ते दिवसभर न फोडता ठेवायचे, कुणीतरी आता रिकाम्या काचेविषयी विचारणार म्हणून. खाई त्याला खवखवे. काल पोस्टमन आला तर मी त्याला बस म्हटलं. रात्री आडवी झाले की सकाळच होते. कुंडीतल्या झाडाला आठवणीने पाणी घालते, बहुतेक त्यानेच ते मरेल.

माफी मागत नाही असं नाही. मागते. पण मी मागितली म्हणून तू द्यावीस, असं त्यात काही नाही. तुझा राग दोन वर्षांचा आहे आणि तो तुझा हक्काचा आहे. तो तुला हवा तितके दिवस ठेव. मला मॅडम म्हणायचं असेल तर म्हण. फक्त ती नोकरी तुला मिळाली की नाही, एवढं ताईला सांग. ती मला पाकीट न उघडताच सांगेल.

आशीर्वाद मागच्या पत्रात सवयीने लिहिले होते. या वेळी विचारून लिहिते, चालतील का.

तुझी नमुन्यांची पेटी जपून ठेवलेली,
मावशी


२ एप्रिल

मावशी,

आईला सांगितलं असतं, पण ती तुला फोन करून आधी रडली असती आणि मग तुला काहीच कळलं नसतं. म्हणून मीच लिहिते.

नोकरी मिळाली. सोमवारी रुजू झाले. त्या बाईंनी तुझं पत्र माझ्यासमोर टेबलावर ठेवलं आणि वाचायला लावलं. मी म्हटलं, नक्कल माझ्याकडे आहे. त्या म्हणाल्या, असं पत्र त्यांना आजवर कुणी लिहिलं नव्हतं. मग त्यांनी मशीनची खोली दाखवली. मी पहिलंच विचारलं, दिवे बंद करायला चालतील ना. त्या हसल्या आणि बटण माझ्या बाजूला आहे म्हणाल्या.

माझा राग गेलेला नाही. त्या खुर्चीचा आवाज मलाही अजून ऐकू येतो. पण तू रिकाम्या काचेचं माप घेतलंस हे वाचलं आणि मी दुकानात मोठ्याने हसले, गिऱ्हाइकासमोर. ते माप मला सुचायला हवं होतं.

माझी खुर्ची तिसऱ्या रांगेत होती, पण भिंतीकडची. तू चुकीच्या खुर्चीकडे बघून बोललीस. मोजणीत तू कच्चीच आहेस.

पेटीतला सातवा नमुना मला पाठव. तो सगळ्यांत चांगला बसला होता. पाठवण्यापेक्षा तूच घेऊन ये, टपालात फुटेल. मे महिन्यात मला चार दिवस सुट्टी आहे.

आणि काळोखात काम करायचं तर ते स्टूल आधी खोलीबाहेर काढ. दोन वर्षं तुझ्याशी बोलले नाही, पण तेवढं तरी सांगून जायला हवं होतं.

आशीर्वाद चालतील.

तुझी,
चिमटी